मिलानचं मिकाम: पुढच्या उन्हाळ्याच्या बुटांची खरेदी, दिवसवार

निघण्याआधी

मिकाम हे पादत्राणांचं व्यापारी प्रदर्शन मिलानमध्ये वर्षातून दोनदा भरतं, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात. इटलीतल्या पादत्राण उत्पादकांची ‘आस्सोकाल्त्सातुरिफिची’ ही संघटना ते भरवते. फेब्रुवारीत पुढच्या हिवाळ्याचा माल मांडलेला असतो, सप्टेंबरात पुढच्या उन्हाळ्याचा. म्हणजे सप्टेंबरात पसंत केलेली सँडल दुकानाच्या फळीवर यायला जानेवारी ते मार्च उजाडतो. प्रवेश फक्त व्यापाऱ्यांना. नाव आधी ऑनलाइन नोंदवावं आणि दुकानाच्या नोंदणीचे, कराचे व बँकेचे तपशील एका पानावर छापून न्यावेत. पहिली ऑर्डर लिहिताना प्रत्येक स्टॉलवर तेच विचारतात.

खरी तयारी आकड्यांची असते. आधी किती जोड घ्यायचे ते ठरवायचं, कोणते घ्यायचे ते मग. हिशेब असा: हंगामात विकले जातील असे जोड, अधिक हंगामाअखेर हातात हवेत तेवढे, वजा सुरुवातीचा साठा, वजा आधीच ऑर्डर दिलेला माल. समजा ९०० जोड विकायचे आहेत, शेवटी १५० शिल्लक चालतील, हातात २५० आहेत आणि १०० वाटेत आहेत. मग घेण्याजोगे राहिले ७००. त्यातले साधारण तीन चतुर्थांश, म्हणजे ५२५, प्रदर्शनात लिहावेत. उरलेले १७५ हंगाम सुरू झाल्यावर, कशाला उठाव आहे ते दिसल्यावर घ्यायचे. हा राखीव हिस्सा प्रदर्शनातल्या झगमगाटात सगळ्यांत आधी संपतो, म्हणून तो वहीच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवावा.

मागच्या हंगामाचा विक्री अहवाल सोबत हवाच, पण तो ‘कोणती डिझाइन चालली’ एवढ्यावर थांबून उपयोगाचा नाही. कोणत्या आठवड्यात कोणता साइज संपला, हे त्यात दिसलं पाहिजे. महिलांच्या बुटांची नेहमीची १२ जोडांची पेटी युरोपीय साइजमध्ये अशी येते: ३६चा एक, ३७चे दोन, ३८चे तीन, ३९चे तीन, ४०चे दोन, ४१चा एक. चांगली चाललेली डिझाइन असेल तर ३८ आणि ३९चे सहा जोड पहिल्या काही आठवड्यांतच जातात. मागे राहिलेले सहा जोड दिसायला अर्धा साठा असतो, पण विक्रीच्या दृष्टीने ती डिझाइन संपलेली असते, कारण दुकानात येणाऱ्या बहुतेक पायांना त्यातलं काही बसत नाही. म्हणून ज्या डिझाइनवर भरवसा आहे ती १८ जोडांनी घ्यावी: १, ३, ५, ५, ३, १. डिझाइन कमी झाल्या तरी चालेल. ५२५ जोड १२-१२च्या पेट्यांत घेतले तर ४३ पेट्या होतात आणि १८-१८ने घेतले तर २९. छोट्या दुकानाला २९चा मार्ग जास्त मानवतो.

पिशवीत काय घ्यावं: मिलिमीटरच्या खुणांची मऊ टेप, बारीक टॉर्च, छोटा लोहचुंबक, पांढरे टिश्यू, पाण्याची लहान बाटली, स्टेपलर, आणि ज्याचा पाय ३७ नंबरचा आहे असा सहकारी. महिलांचे नमुने बहुतेक ३७ मध्येच असतात (काही कंपन्या ३६ ठेवतात), पुरुषांचे साधारण ४२ मध्ये. पायात घालून चालून पाहिल्याशिवाय बूट घेणं म्हणजे अर्धीच माहिती घेऊन पैसे गुंतवणं.

शनिवार: शहरातली दुकानं

माल्पेन्सा विमानतळावरून माल्पेन्सा एक्सप्रेसने कादोर्ना स्टेशन गाठलं. राहायची जागा मेट्रोच्या लाल मार्गावर, म्हणजे एम१वर असावी, कारण प्रदर्शनाला जाणारी गाडी तीच आहे. कादोर्ना तिच्यावरच येतं.

दुपार दुकानं पाहण्यात घालवली. कोर्सो बुएनोस आइरेस आणि विया तोरिनो या मधल्या किमतींच्या दुकानांच्या रस्त्यांवर आधी जावं, विया मोंतेनापोलेओनेला नंतर. महागड्या रस्त्यावर आकार आणि रंग कळतात. लोक खरोखर काय घेतात ते मधल्या रस्त्यावर कळतं. सप्टेंबरात काचेमागे हिवाळ्याचे बूट लागलेले असतात, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याचा अंदाज त्यावरून बांधू नये. उपयोगाची गोष्ट आत, कोपऱ्यातल्या सवलतीच्या रॅकवर असते. उन्हाळी सेल जुलैत लागून गेलेला असतो. तरीही जे उरलं ते का उरलं, हे हातात घेऊन पाहावं. एखाद्या डिझाइनचे फक्त ३६ आणि ४१ उरले असतील तर ती चालली होती. सगळे साइज सारखे पडून असतील तर ती पडली. टाचेची उंची, पुढच्या टोकाचा आकार आणि रंग एवढं वहीत टिपलं की पुरतं.

संध्याकाळी प्रदर्शनाचा नकाशा समोर ठेवून भेटींची यादी हॉलनुसार लावली. वेळेनुसार लावलेली यादी पायांचे हाल करते, कारण एका हॉलातून दुसऱ्यात जाण्यातच भेटीचा वेळ निघून जातो. एका भेटीला ४५ मिनिटं धरावीत आणि दोन भेटींमध्ये अर्धा तास मोकळा ठेवावा. यादीत नसलेला चांगला स्टॉल त्याच अर्ध्या तासात सापडतो.

रविवार: फक्त पाहणं

मिकाम अलीकडे रविवार ते मंगळवार असं तीन दिवस असतं. प्रदर्शन जिथे भरतं ते रो फिएरा हे एम१च्या एका टोकाचं स्टेशन आहे, आणि पागानो स्टेशननंतर हा मार्ग दुभागतो. एक गाडी रो फिएराला जाते, दुसरी बिस्चेल्येला. फलाटावरच्या फलकावर शेवटच्या स्टेशनचं नाव पाहूनच चढावं. तिकीटही शहराचं साधं चालत नाही. साधं तिकीट एमआय१ ते एमआय३ या भागांपुरतं असतं आणि रो फिएरा एमआय४ मध्ये येतं, म्हणून एमआय१ ते एमआय४चं तिकीट घ्यावं. नाहीतर बाहेर पडायच्या गेटवर अडकायला होतं, तेही शेकडो व्यापाऱ्यांच्या गर्दीत.

प्रदर्शन केंद्र २००५ साली उघडलं. त्याचा आराखडा वास्तुरचनाकार मास्सिमिलियानो फुक्सास यांचा. मधून एक लांबच लांब उन्नत रस्ता जातो, वर काचेचं लाटांसारखं छत, दोन्ही बाजूंना हॉल. या रस्त्याचं एक टोक ते दुसरं टोक एक किलोमीटरहून जास्त आहे. दिवसभरात दोनदा ये-जा झाली तर पाय बोलू लागतात. एक हॉल पूर्ण संपवूनच दुसऱ्यात जावं.

पहिल्या दिवशी कुठेही ऑर्डर लिहायची नाही, हा नियम पाळला. यामागे साधं कारण आहे. सकाळी दहा वाजता पाहिलेली पिवळी मऊ चामड्याची म्यूल, म्हणजे मागून उघडी चप्पल, अनोखी वाटते. दुपारी चारपर्यंत तसाच आकार पाच-सहा ठिकाणी दिसलेला असतो, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी तो जास्त चांगल्या तळावर व कमी दामात असतो. ‘आज लिहिलंत तर सवलत’ असं सांगणारे भेटतात. तीच सवलत मंगळवारीही मिळते, कारण त्यांनाही रिकाम्या वहीने परत जायचं नसतं.

पहिल्या भेटीत मोजकेच प्रश्न विचारावेत, पण सगळीकडे तेच आणि त्याच क्रमाने: एका डिझाइनला, एका रंगाला किमान किती जोड, एकूण ऑर्डरची किमान रक्कम किती, साइज मोकळे निवडता येतात की ठरलेली पेटीच घ्यावी लागते, माल कोणत्या तारखांच्या दरम्यान निघेल, आमच्या भागात आणखी कोणाला देता, आणि हे बनतं कुठे. शेवटचा प्रश्न सरळ विचारावा. स्टॉल इटालियन असला तरी अपर, म्हणजे बुटाचा तळावरचा भाग, दुसऱ्या देशात शिवलेलं असू शकतं. त्यात गैर काही नाही, पण आयातीच्या कागदांवर उत्पत्तीचा देश लिहावा लागतो आणि किमतीचा अंदाजही त्यावरूनच येतो.

व्हिजिटिंग कार्डवरचा पत्ता वाचायला शिकावं. इटलीत बुटांचे कारखाने ठरावीक पट्ट्यांत एकवटलेले आहेत आणि प्रत्येक पट्ट्याचा हात वेगळा आहे. मार्के प्रांतात फेर्मो, मोंतेग्रानारो, चिवितानोव्हा या भागात पुरुषांचे बूट, लोफर आणि मधल्या ते वरच्या दर्जाचा माल. व्हेनिसजवळ रिव्हिएरा देल ब्रेन्तामध्ये, स्त्रा आणि फिएस्सो दार्तिको गावांत, महिलांचे उंची बूट. सान माउरो पास्कोलीही महिलांच्या उंची मालासाठी. मिलानजवळचं पाराबियागो पुरुषांच्या नीटस बुटांसाठी. मोंतेबेल्लूना डोंगरातले आणि खेळाचे बूट करतं. टोकदार उंच टाचेचा बूट विकणाऱ्याचा कारखाना मोंतेबेल्लूनात निघाला, तर तो स्वतः बनवत नसावा असं धरून पुढचा प्रश्न विचारावा. चामडं कुठलं हेही विचारता येतं. सांता क्रोचे सुल्लार्नो आणि आर्झिन्यानो ही चामडं कमावण्याची मोठी केंद्रं आहेत, आणि पुरवठादाराचं नाव सांगायला जो कचरत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नसते.

इटलीबाहेरचेही बरेच स्टॉल असतात. स्पेनमधल्या एल्चे आणि एल्दाचे, पोर्तुगालच्या फेल्गेइराश आणि सांव जोआंव दा मादेइराचे. एस्पाद्रिल, म्हणजे जूटच्या तळाची कापडी पादत्राणं, घ्यायची असतील तर स्पॅनिश स्टॉल आधी पाहावेत.

फोटो विचारून काढावेत, कारण अनेक ठिकाणी मनाई असते. क्रम ठरलेला हवा: आधी स्टॉलचा क्रमांक, मग डिझाइनचा टॅग, मग बूट बाजूने, मागून आणि तळाचा. क्रम मोडला की रात्री हॉटेलवर तीनशे फोटोंत कुठला बूट कोणाचा ते कळत नाही. प्रत्येक स्टॉल सोडतानाच त्याला वहीत अ, ब किंवा क लिहून टाकावं. आठवणीवर ठेवलं की सगळेच ब होतात.

सोमवार: हातात घेऊन, पायात घालून

आता फक्त अ श्रेणीचे स्टॉल. प्रत्येक बुटाला काही मिनिटं द्यावी लागतात, आणि ती कशी द्यायची यातच खरेदीची गुणवत्ता आहे.

आधी जोडी सपाट टेबलावर ठेवून मागून पाहावी. दोन्ही काउंटर, म्हणजे टाचेभोवतीचा कडक भाग, सारख्या उंचीचे हवेत. टाच उभ्या रेषेत हवी. बोटाने हलकं ढकलून बूट डुगडुगतो का ते पाहावं. उंच टाचेच्या बुटात तळाचा चवड्याखालचा भाग आणि टाचेची टोपी एकाच वेळी टेबलाला टेकली पाहिजे. टोपीची पुढची कड आधी टेकत असेल तर टाचेचा कोन आणि फर्मा, म्हणजे बूट ज्यावर घडवतात तो पायाच्या आकाराचा साचा, जुळलेले नाहीत. अशा बुटात पाय सतत पुढे सरकतो आणि बोटं चिमटतात. हा दोष उत्पादनात आपोआप सुधारत नाही.

मग बूट दोन हातांत धरून पिळावा. मधला भाग, कमानीखालचा, पिळला जाऊ नये. तिथे शँक असते, बहुतेक पोलादाची पट्टी. लोहचुंबक तळाला लावला की ती आहे का आणि कुठपर्यंत आहे ते लगेच कळतं. फायबर किंवा प्लास्टिकच्या शँकही असतात. त्यांना चुंबक लागत नाही, पण पिळून कळतं. ६० मिमीपेक्षा उंच टाचेखाली शँक कमजोर असेल तर काही आठवड्यांत कमान खचते, टाच मागे झुकते आणि ग्राहक जोड परत आणतो. बूट वाकला पाहिजे तो फक्त चवड्यावर.

आत हात घालून बोट फिरवावं. खिळ्याचं टोक, डिंकाची गाठ, अस्तराची घडी तिथे सापडते. उंच टाच आतून स्क्रू आणि खिळ्यांनी बसवलेली असते. तो भाग सॉकखाली, म्हणजे पायाखालच्या आतल्या अस्तराखाली, झाकलेला असतो, म्हणून अंगठ्याने दाबून पाहावा. बारीक टाच बहुधा एबीएस प्लास्टिकची असते आणि तिच्या आत पोलादी नळी किंवा सळई घालतात. ती आहे ना, हे विचारावंच. टाचेखालची टोपी बदलता येण्याजोगी आहे का आणि सुट्या टोप्या मालासोबत मिळतील का, हेही लिहून घ्यावं. दुकानदाराच्या दृष्टीने ही सगळ्यांत स्वस्त विक्रीनंतरची सेवा आहे.

जोडणीची पद्धत ओळखता आली पाहिजे. उन्हाळ्याच्या बुटांत बहुतेक तळ चिकटवलेले असतात. त्यात वाईट काही नाही, फक्त कडेला टॉर्च मारून फट आहे का आणि डिंक बाहेर आलाय का ते पाहावं. लोफर ब्लेक शिलाईचा असेल तर आत इनसोलवर, म्हणजे आतल्या तळावर, टाक्यांची ओळ दिसते. लायमन ब्लेक यांनी या यंत्राचं पेटंट १८५८ साली घेतलं आणि पद्धत आजही तीच आहे: एकच शिलाई इनसोलपासून तळापर्यंत आरपार. त्यामुळे बूट हलका आणि लवचीक होतो, पण पावसात टाक्यांतून पाणी वर येतं. गुडइयर वेल्टमध्ये शिलाई बाहेरच्या पट्टीतून जाते. तो बूट जड असतो, पण त्याचा तळ पुन्हा बदलता येतो. ग्राहकाला हा फरक सांगता आला की किमतीवरचा वाद मिटतो.

तळाच्या साहित्यात एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावं. पॉलिएस्टर प्रकारचा पीयू (पॉलियुरेथेन) तळ ओलाव्याने हळूहळू विघटित होतो आणि काही वर्षांनी न वापरताच भुगा होतो. पेटीत बंद ठेवलेल्या बुटांचंही असंच होतं. म्हणून ‘मागच्या हंगामातला शिल्लक माल, निम्म्या दामात’ असा पीयू तळाचा माल उन्हाळी गोदामासाठी घेऊ नये. टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) किंवा रबराच्या तळाला ही भीती नाही.

रंग उतरतो का, हे टिश्यूने पाहायचं. टिश्यू ओला करून अस्तरावर आणि अपरच्या आतल्या कडेवर दहा वेळा घासावा. गडद सुएडवर तर नक्कीच. टिश्यूवर निळा किंवा लाल डाग आला तर तोच डाग ग्राहकाच्या पायावर आणि फिक्या पँटवर येणार. स्टॉलवाल्याला आधी विचारून ही चाचणी करावी. नकार मिळाला तर त्याचाही अर्थ घ्यावा.

मग लेबल. युरोपीय संघात १९९४च्या निर्देशानुसार बुटाच्या तीन भागांचं साहित्य सांगावं लागतं: अपर, अस्तर व सॉक, आणि बाहेरचा तळ. प्रत्येक भागात जे साहित्य किमान ८० टक्के असेल त्याचं चिन्ह लागतं. कातड्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे चामडं. त्याच आकारात समभुज चौकोन असेल तर लेप दिलेलं चामडं, म्हणजे ज्याचा लेप ०.१५ मिमीपेक्षा जाड आहे पण एकूण जाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. जाळी म्हणजे कापड. नुसता समभुज चौकोन म्हणजे इतर साहित्य. स्टॉलवाला ‘अस्सल चामडं’ म्हणत असेल आणि चिन्हात आत चौकोन असेल, तर किमतीची बोलणी तिथूनच सुरू करावीत. चामड्यातल्या क्रोमियम ६ची, म्हणजे क्रोमियमच्या त्वचेला अपायकारक रूपाची, मर्यादाही विचारावी. २०१५पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंसाठी ती किलोला ३ मिलिग्रॅम आहे. चाचणी अहवाल मागितला की मोठे कारखाने लगेच काढून दाखवतात.

आता पाय. युरोपीय साइजचं एकक पॅरिस पॉइंट, म्हणजे ६.६७ मिमी. ३७ म्हणजे फर्म्याची लांबी सुमारे २४७ मिमी, आणि त्यात बोटांपुढची १२ ते १५ मिमी मोकळी जागा धरलेली असते. म्हणजे पाय साधारण २३२ ते २३५ मिमीचा. टोकदार फर्म्यात पुढचं टोक याहूनही पुढे जातं, त्यामुळे लांबी मोजून काही कळत नाही आणि घालूनच पाहावं लागतं. सहकाऱ्याला कार्पेटवर न चालवता हॉलच्या कडक जमिनीवर किमान शंभर पावलं चालवावं. स्टॉलवरचं जाड कार्पेट प्रत्येक बुटाला आरामदायी बनवतं. स्लिंगबॅकचा पट्टा टाचेवरून घसरतो का, म्यूलमध्ये पाय पुढे निघून जातो का, बॅलेरिनाची कड टाचेमागे कापते का, हे शंभराव्या पावलापर्यंत कळतं. घोट्याखालच्या हाडाला कड लागत असेल तर ती बाजूने दोन-तीन मिमी कमी करून मिळेल का ते विचारावं. साधारण मोठ्या ऑर्डरला हा बदल सहसा मान्य होतो.

एक गोष्ट नमुन्यात कधीच दिसत नाही, ती म्हणजे ३६ आणि ४१. नमुना कारखान्याच्या उत्तम कारागिराने ३७ मध्ये केलेला असतो. पुढचे साइज गणिताने वाढवतात, प्रत्येक साइजला पंजाचा घेर सुमारे ५ मिमीने. टाचेची उंची मात्र बहुधा तेवढीच राहते. त्यामुळे ८५ मिमीची टाच ३६च्या छोट्या पायाला फार उभी वाटते. ४१मध्ये पट्टे अपुरे पडतात आणि बक्कल शेवटच्या भोकात लागते. दोन्ही टोकांच्या साइजचा पक्का नमुना उत्पादनाआधी मिळेल, हे ऑर्डरमध्येच लिहून घ्यायचं.

रात्री अ श्रेणीचे सगळे बूट किमतीच्या तीन गटांत मांडून पाहिले. सगळे मधल्या गटात जमले असतील तर दुकान एकाच ग्राहकासाठी भरतंय, असं समजून चार डिझाइन काढाव्यात.

मंगळवार: ऑर्डर

सकाळी लवकर पोहोचावं. शेवटच्या दिवशी दुपारनंतर अनेक स्टॉल आवराआवर करू लागतात आणि निर्णय घेणारा माणूस निघून जातो. याच वेळी मांडणीतले नमुने स्वस्तात देऊ करतात. सगळे ३७चे आणि बऱ्याचदा एकेकच पायाचे. जाहिरातीच्या छायाचित्रांसाठी ठीक, विक्रीसाठी नाही.

ऑर्डरच्या प्रत्येक ओळीत डिझाइन क्रमांक, फर्म्याचा क्रमांक, टाचेचा क्रमांक व उंची, अपर, अस्तर, तळ, रंगाचा संकेतांक, साइजनुसार जोड, दाम आणि चलन हवं. रंगाचं नाव पुरेसं नाही. ‘कोन्याक’ म्हणून प्रत्येक कारखाना वेगळीच तपकिरी छटा पाठवतो. चामड्याचा तुकडा मागून ऑर्डरच्या प्रतीला स्टेपल करावा.

खाली दोन तारखा: माल या दिवसापासून निघेल, आणि या दिवसानंतर आला तर घ्यायचं बंधन नाही. दुसरी तारीख बहुतेक छापील फॉर्ममध्ये नसते. हाताने लिहावी आणि सही घ्यावी. उशीर होण्याची कारणं ठरलेली असतात: चामडं वेळेवर न येणं, तळाचा साचा अजून तयार नसणं, एखाद्या रंगाच्या किमान संख्येपर्यंत सगळ्यांच्या मिळून ऑर्डर न पोचणं. या शेवटच्या कारणाने आपली डिझाइन रद्द झाली तर कोणत्या तारखेपर्यंत कळवणार, हेही लिहून घ्यावं.

दाम कुठल्या टप्प्यापर्यंतचं आहे, ते तीन अक्षरांत ठरतं. ईएक्सडब्ल्यू म्हणजे माल कारखान्याच्या दारात तुमचा, निर्यातीची कागदपत्रंसुद्धा तुमच्याच डोक्यावर. परदेशी छोट्या खरेदीदाराने हे टाळावं आणि एफसीए मागावं, म्हणजे निर्यातीची मंजुरी विकणारा काढतो. रक्कम सहसा ३० टक्के आगाऊ आणि उरलेली माल निघण्याआधी. पहिल्या ऑर्डरला यात फार सूट मिळत नाही, पण उरलेली रक्कम तपासणीनंतर देण्याची अट घालता येते.

पदरात पडणारी किंमत तिथेच काढायची. समजा जोड ५० युरोला आहे. वाहतूक व विमा ५, त्या ५५वर शुल्क समजा १० टक्के म्हणजे साडेपाच, बँक, मंजुरी आणि दुकानापर्यंतची वाहतूक साडेतीन. झाले ६४. विक्रीची किंमत ५०च्या दुपटीने ठरवणारा दुकानदार प्रत्येक जोडामागे २८ युरो मागे राहतो. शुल्काचा दर वर्गीकरणावर ठरतो. चामड्याचं अपर असलेला बूट ६४०३ या सीमाशुल्क क्रमांकामध्ये, कापडाचा ६४०४ मध्ये, रबर-प्लास्टिकचा ६४०२ मध्ये. अपर कशाचं, हे बाहेरून सगळ्यांत जास्त क्षेत्रफळ कशाचं आहे त्यावर ठरतं, आणि त्यात बक्कल, शोभेचे तुकडे, मजबुतीच्या पट्ट्या धरत नाहीत. कापड आणि चामडं अर्धं-अर्धं दिसणाऱ्या स्नीकरबाबत कारखान्याकडून क्षेत्रफळाची टक्केवारी लेखी घ्यावी. एस्पाद्रिलला जूटखाली रबराचा थर किती, हेही पाहावं, कारण बाहेरचा तळ जमिनीला लागणाऱ्या भागावरून ठरतो.

विमानाने आणायचं असेल तर पेटीचं माप घ्या. विमान मालवाहतुकीत सेंटिमीटरमधली लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ६००० हे वजन धरतात, खरं वजन त्याहून कमी असेल तेव्हा. ३० × १९ × ११ची पेटी एक किलोहून थोडी जास्त भरते. ५० × ३० × १२ची लांब बुटांची पेटी ३ किलो भरते, आत बूट दीड किलोचे असले तरी. सपाट सँडल पातळ पेटीत किंवा कापडी पिशवीत घालून मोठ्या खोक्यात पाठवता येतील का, हे विचारलं की खर्चात लगेच फरक पडतो. खोक्यांत ओलावा शोषणाऱ्या पुड्या कशाच्या, तेही विचारावं. डायमिथिल फ्युमरेट हे बुरशीनाशक युरोपात बंद आहे, साधं सिलिका जेल हवं.

बुधवार: विजेवानो आणि कागद

प्रदर्शन संपल्यावरचा दिवस मोकळा ठेवणं फायद्याचं. मिलानहून मॉर्ताराकडे जाणाऱ्या लोकलने विजेवानो गाठता येतं. हे गाव बुटांचं आणि बूट बनवणाऱ्या यंत्रांचं. तिथल्या स्फोर्झा किल्ल्यात पादत्राणांचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे, पिएत्रो बेर्तोलिनी यांच्या नावाचं. उघडण्याच्या वेळा आधी पाहून घ्याव्यात. मिलानच्या ड्यूकची पत्नी बेआत्रिचे देस्ते हिची मानली जाणारी पंधराव्या शतकाच्या अखेरची पियानेल्ला, म्हणजे मागून उघडी चप्पल, तिथे आहे. बारीक टाचेच्या बुटांचा विसाव्या शतकातला प्रवास एका रांगेत पाहिला की, सोमवारी हातात घेतलेल्या अर्ध्या डिझाइन कुठून आल्या ते कळतं. किल्ल्याला लागूनच पियात्सा दुकाले, १४९०च्या दशकात बांधलेला चौक.

संध्याकाळी कागद. ऑर्डरच्या सगळ्या प्रती एका तक्त्यात उतरवल्या: डिझाइन, रंग, साइजनुसार जोड, पदरात पडणारी किंमत, निघण्याची तारीख. बेरीज ५२५च्या वर गेली असेल तर आत्ताच कापावी. ऑर्डर दिल्यावर दोन-तीन दिवसांत कळवलेला बदल कारखाने सहसा मान्य करतात, चामडं कापायला घेतल्यावर नाही. त्याच तक्त्यात एकाच आठवड्यात किती माल येतोय ते पाहावं. सगळा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येत असेल तर पैसे आणि फळ्या दोन्ही कमी पडतात, म्हणून उघड्या सँडल मार्चला ढकलाव्यात आणि बंद बूट, लोफर, बॅलेरिना आधी आणाव्यात.

काही आठवड्यांत प्रत्येक कारखान्याकडून ऑर्डरची पुष्टी येते. ती फक्त पोचपावती समजून फाइलला लावू नये. हाताने लिहिलेली अंतिम तारीख, ३६ आणि ४१चे नमुने आणि एफसीए या तीन गोष्टी त्या छापील पुष्टीतून गळलेल्या असतात, आणि करार पुष्टीतल्या अटींप्रमाणे झाला असं कारखाना धरून चालतो. ओळ न् ओळ मूळ प्रतीशी ताडून, फरक असेल तर त्याच दिवशी लेखी कळवावं, दुरुस्त प्रत मागावी, आणि ती हातात आल्यावरच आगाऊ रक्कम पाठवावी.